राणीछाप रुपये तोळ्यावर विकावेत का?

प्रश्न : माझे सासरे मिरजेत भुसार मालाचे व्यापारी होते. त्यांच्यामागे माडी आवरताना बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा सापडला. आत शे-सव्वाशे चांदीचे रुपये आहेत, बरेचसे राणीछाप आणि राजाछाप. शिवाय वीसेक जाड, वेडेवाकडे रुपये, त्यांवर उर्दूसारखी अक्षरं. मूठभर तांब्याचे पैसेही आहेत, त्यांतल्या काहींवर 'श्री राजा शिव' एवढं वाचता येतं. राजाछापांत एक १९३९ चा आणि दोन १९११ चे आहेत. आमचे नेहमीचे सराफ म्हणतात, चांदी चढलीय तर सगळे एकदम द्या, तोळ्यावर हिशेब करू. पुतण्या म्हणतो, १९३९ च्या रुपयाला मोबाइलवर कुणीतरी पाच लाख द्यायला तयार आहे, फक्त अडीच हजार नोंदणी फी आधी भरायची. आलेल्या पैशांतून टांकसाळीच्या स्मारक नाण्यांचे संच घ्यावेत, ते दुप्पट होतात, असंही तो सांगतो. मी लिलावांचे भाव पाहिले तर एकाच सालाचा एकच रुपया कुठे दोन हजारांना, कुठे त्याच्या कितीतरी पट. असं का? नाणी चिंचेने घासून ठेवू का? मुलगा अमेरिकेत असतो, दिवाळीत येईल. त्याच्याबरोबर पाठवली तर तिकडे जास्त भाव येईल का?
– एक निवृत्त शिक्षिका, मिरज

ताई, नमस्कार.

आधी तातडीचं. ती अडीच हजारांची फी भरू नका, पुतण्यालाही भरू देऊ नका. खरा गिऱ्हाईक विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही. तो नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागतो, वजन विचारतो आणि शक्यतो नाणं हातात घेऊन बघतो. न बघता पाच लाख बोलणाऱ्याला नाणं नकोच असतं. फी भरलीत की मग जीएसटी, मग 'क्लिअरन्स', मग आणखी काही, असं ते चढत जातं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही आणि असलं शुल्क ती कुणाकडून घेत नाही. वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं, ७८६ आकड्याची नोट, 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं छापलेलं राम दरबाराचं तांब्याचं नाणं, या सगळ्या लाखमोलाच्या गोष्टी त्याच गिरणीतून येतात. त्यातलं राम दरबाराचं एखादं तुमच्या डब्यात निघालं तर खुशाल देवघरात ठेवा. कंपनीने तसलं नाणं कधी पाडलेलंच नाही.

दुसरं तातडीचं म्हणजे चिंच. चिंच नको, लिंबू नको, रांगोळी नको, भांड्यांची पावडर तर मुळीच नको. कारण पुढे येईलच, पण तोवर डब्याला पाणीसुद्धा लागू देऊ नका.

आता सराफ. ते तुम्हाला फसवताहेत असं मी म्हणणार नाही, ते त्यांच्या भाषेत बोलताहेत आणि त्यांची भाषा धातूची आहे. पण त्या भाषेतला हिशेब तुम्हालाही यायला हवा. इंग्रजी अमलातला रुपया १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुना तोळा तोच. आजचा सराफी तोळा मात्र दहा ग्रॅमचा. 'एक रुपया म्हणजे एक तोळा' असं बोलता बोलता ठरलं तर प्रत्येक नाण्यामागे दीड ग्रॅमहून जास्त वजन हवेत जातं. १९३९ पर्यंतच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.६९ ग्रॅम. झिजलेल्या नाण्यात थोडी कमी. महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली, ५.८३ ग्रॅम. वजन तेच, रूपही जवळपास तेच, फक्त काठावरच्या दात्यांमधून एक वेगळी खोबण फिरवलेली दिसते. १९४७ चे रुपये निकेलचे. त्यांना लोहचुंबक चिकटतं, तेवढ्यावरून ते बाजूला काढता येतील. तेव्हा वजन करताना १९४० ते ४५ ची रास वेगळी करा, नाहीतर एक तर तुमचं नुकसान होईल किंवा सराफांचं.

हा झाला तळाचा भाव. त्याखाली कुणी बोललं तर उठून यायचं. आणि खरं सांगायचं तर तुमच्या डब्यातल्या बऱ्याच रुपयांसाठी सध्या हाच भाव आहे. १८७७ नंतरचे 'एम्प्रेस' लिहिलेले राणीछाप, एडवर्ड राजाचे बिनमुकुटाचे, टकले राजाछाप, पंचम जॉर्जचे १९१२ ते १९२० मधले रुपये कोट्यवधींनी पाडले गेले आणि गावोगाव साठवले गेले. हातोहात फिरून गुळगुळीत झालेलं असं नाणं संग्राहक चांदीपेक्षा किंचित जास्त देऊन घेतो. चांदीने किलोला लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून ते 'किंचित'ही उरलेलं नाही. संग्राहक जे देईल तेच सराफ देतो आणि रोख देतो. म्हणून साधे, झिजलेले रुपये सराफाला देण्यात मला काही पाप दिसत नाही. फक्त डबा आधी चाळायचा आणि मग विकायचं. १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरपर्यंत गेली तेव्हा जगभर लोकांनी नाणी पोत्यांनी वितळवायला दिली. मार्चमध्ये भाव कोसळला, पण मुशीत गेलेलं परत आलं नाही. त्यात साधी नाणी गेली तशी न बघता चांगलीही गेली.

मग चाळायचं कसं? तारखेने सुरुवात करा, पण तारखेवर थांबू नका.

१९३९ चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे. म्हणूनच त्याच्या नकला अमाप आहेत. १९३८ च्या रुपयातला शेवटचा आठ कोरून नऊ केलेला असतो, किंवा सरळ साच्यात ओतलेला असतो. भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीचा सपाट भाग बघा. तिथे खरवडल्याच्या खुणा, आकड्याची वेगळी जाडी किंवा ओतीव नाण्यावर असतात तशी बारीक छिद्रं दिसली तर आशा आवरा. ११.६६ ग्रॅमच्या आसपास वजन भरलं आणि काठाचे दाते स्वच्छ, सरळ असले तर निदान जाणत्याला दाखवण्याइतकं ते नाणं आहे. पाच लाख मात्र विसरा. त्याची किंमत अस्सलपणावर आणि अवस्थेवर ठरेल, मोबाइलवरच्या आवाजावर नाही.

१९११ च्या दोन रुपयांची गोष्ट जास्त मजेची. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावर हत्ती कोरला होता, पण सोंड एवढी आखूड पडली की लोकांना ते डुक्कर वाटलं. हिंदू-मुसलमान दोघांचीही नाराजी ओढवली. टांकसाळीने नाणी मागे घेतली, बहुतेक वितळवली आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती घातला. १९११ चा रुपया आजही 'पिग रुपी' म्हणून मागितला जातो. पण तो १९३९ इतका दुर्लभ नाही, म्हणून इथे अवस्था फार मोजली जाते. ज्या नाण्यावर ते 'डुक्कर' स्पष्ट दिसतं ते घ्यायला दहाजण उभे असतात. ज्यावर अंगरखा सपाट झालाय ते नुसत्या तारखेसाठी घेतलं जातं.

१८४० आणि १८६२ हे दोन आकडे दिसले तर ते सराफांकडे पाठवू नका. दोन्ही साली आकडा गोठवला होता. १८४० लिहिलेले रुपये १८६२ पर्यंत पाडले गेले आणि १८६२ लिहिलेले १८७४ पर्यंत. म्हणजे एकाच तारखेखाली बारा ते बावीस वर्षांची नाणी दडलेली आहेत. १८४० मध्ये राणीच्या नावाची अक्षरं डोक्यावरून सलग फिरली आहेत की दोन बाजूंना विभागली आहेत, ते बघा. १८६२ मध्ये मागच्या बाजूला तारखेखाली आणि वरच्या फुलापाशी बारीक ठिपके असतात, मुंबईच्या टांकसाळीचे. वर किती ठिपके आणि खाली किती, अशा त्यांच्या जोड्या लावतात. काही जोड्या सर्रास मिळतात, काही मिळता मिळत नाहीत. झिजलेलं नाणंसुद्धा योग्य ठिपक्यांचं निघालं तर चांदीच्या कितीतरी पट जातं. हे काम कंटाळवाणं आहे. पण शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला वह्या तपासण्यापेक्षा सोपं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. सारखंच नाणं, सारखंच साल, मग भावात एवढी दरी का?

कारण बाजार आता साल विकत घेत नाही, अवस्था विकत घेतो. पूर्वी संग्राहकाला अल्बममधली मोकळी जागा भरायची असायची. १८९१ चा रुपया नव्हता, मिळाला, जागा भरली. झिजलेला असला तरी चालायचा. आज पैसेवाला गिऱ्हाईक म्हणतो, शंभर नाणी नकोत, दहा द्या, पण त्या जातीची सगळ्यांत सुंदर द्या. म्हणून साधारण नाणं चांदीला बांधलेलं राहतं, मधल्या अवस्थेचं वर्षानुवर्षं जागच्या जागी रेंगाळतं आणि टांकसाळीतून निघालं तसं कोरं राहिलेलं नाणं पुढे पळतं. तुम्ही पाहिलेला दोन हजारांचा रुपया आणि कितीतरी पटींचा रुपया ही त्या अर्थाने दोन वेगळी नाणी आहेत.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेत सापडतं. तिथल्या जुन्या चांदीच्या डॉलरमध्ये, ज्याला मॉर्गन डॉलर म्हणतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा १८८४ चा डॉलर झिजलेल्या अवस्थेत काही डझन डॉलरना मिळतो. तो जवळपास सगळाच चलनात गेला, कोरा कुणी जपलाच नाही. त्यामुळे तेच नाणं उत्तम कोऱ्या अवस्थेत आलं की लाख डॉलरांच्या वर जातं. नाणं दुर्मीळ नाही, त्याची ती अवस्था दुर्मीळ.

हे मोजण्याची पट्टीही तिथूनच आली. विल्यम शेल्डन या संग्राहकाने १९४९ मध्ये जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० असे गुण ठरवले. ७० गुणांचं नाणं १ गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचं, असा त्यामागचा भाबडा हिशेब होता. भाव तो हिशेब केव्हाच मोडून गेले, पण पट्टी राहिली. ६० च्या वर कोरं, ५० च्या पुढे जेमतेम वापरलेलं, ४० च्या घरात उत्तम, २० ते ३५ मध्ये बरं. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासून गुण देतात आणि प्लास्टिकच्या बंद डबीत घालतात. तिला व्यापारात 'स्लॅब' म्हणतात. स्लॅबमुळे नाणं न बघता खरेदी करता येऊ लागलं आणि लगोलग वॉल स्ट्रीटचा पैसा आत शिरला. कोऱ्या मॉर्गन डॉलरचे भाव १९८९ पर्यंत फुगले आणि १९९० मध्ये फुटले. ६५ गुणांची साधी, भरपूर उपलब्ध असलेली नाणी ज्यांनी त्या शिखरावर घेतली, त्यांना तो भाव पुन्हा दिसला नाही. स्लॅबवरचा आकडा नाण्याची अवस्था सांगतो. तशी अजून किती नाणी बाहेर आहेत, हे तो सांगत नाही.

आणि दुर्मीळपणाही कायमचा नसतो. न्यू ऑर्लिन्सच्या टांकसाळीचा १९०३ चा मॉर्गन डॉलर कोऱ्या अवस्थेत १,५०० डॉलरला लावला जायचा. १९६२ च्या अखेरीस अमेरिकी सरकारच्या तिजोरीतून बंद पोती बाहेर आली, त्यांत हाच डॉलर भरलेला. भाव बघता बघता दोन आकड्यांवर आला. आपल्याकडे अजून किती डबे किती माड्यांवर आहेत, हे कुणाला ठाऊक? म्हणून 'फक्त इतकीच नाणी शिल्लक आहेत' असं छातीठोक सांगणाऱ्याचं मी निम्मंच ऐकतो.

आता चिंचेचं कारण सांगतो. नाण्याला झीज झालेली असणं वेगळं आणि इजा झालेली असणं वेगळं. झीज गिऱ्हाईक समजून घेतो, ती पट्टीवर मोजता येते. इजा तो माफ करत नाही. कमी झिजलेलं पण घासून लखलखीत केलेलं नाणं, जास्त झिजलेल्या पण हात न लावलेल्या नाण्यापेक्षा स्वस्त जातं. घासलं की वरचा पापुद्रा जातो, बारीक समांतर ओरखडे उमटतात आणि टांकसाळीच्या दाबातून आलेली मूळ चकाकी, जी नाणं दिव्याखाली फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, ती संपते. ती परत आणता येत नाही. स्लॅब करणाऱ्या कंपन्या अशा नाण्याला गुणच देत नाहीत, 'घासलेलं' असा शेरा मारून बाजूला ठेवतात. तेच माळेसाठी कडी डाखलेल्या किंवा भोक पाडलेल्या नाण्याचं. आपल्या घरांत लक्ष्मीपूजनाआधी रुपये घासण्याची चाल आहे. तिने जेवढी चांगली नाणी मारली तेवढी चोरांनीही मारली नसतील. चांदीवर चढलेला निळा-करडा किंवा सोनेरी थर घाण समजू नका. वर्षानुवर्षं कापडात किंवा कागदात पडून राहिलेल्या रुपयावर असा रंग नीट चढला असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. हळद-कुंकू लागलेलं असेल तर तेही राहू द्या. जाणता माणूस बघून ठरवेल.

राणीचा रुपया हातात आला की आधी तिच्या कानावरचे केस, मुकुटातले खडे आणि छातीवरच्या वस्त्राचं नक्षीकाम बघा. हे सगळ्यांत उंच भाग, पहिल्यांदा तेच झिजतात. तिथली रेघ न् रेघ दिसत असेल तर नाणं कागदी पाकिटात घालून वेगळं ठेवा. प्लास्टिकच्या स्वस्त पिशवीत नको. त्यातलं रसायन काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर आणतं.

इथवर जे सांगितलं ते यंत्रावर पाडलेल्या कलदार रुपयांचं. तुमच्या डब्यातली खरी श्रीमंती मला त्या 'वेड्यावाकड्या' वीस रुपयांत दिसते. त्यांचे नियम निराळे.

ती अक्षरं उर्दू नसून फारसी आहेत आणि त्यावरचं नाव बहुधा दिल्लीचा बादशहा शाह आलम याचं असेल. रुपया मराठ्यांचा, नाव बादशहाचं, अशी ती रीत होती. मूळ टांकसाळ ओळखायची ती त्यावरच्या चिन्हावरून आणि गावाच्या नावावरून. अंकुश दिसला तर पुण्याकडचा अंकुशी रुपया. बागलकोटचा तो मल्हारशाही. आणि तुमच्याच मिरजेलाही टांकसाळ होती, तिथल्या रुपयावर मिरजेचं फारसी नाव 'मुर्तजाबाद' येतं. व्यापारी माणसाच्या घरी, मिरजेत, असे रुपये नसते तर नवल.

ही नाणी हाताने, हातोड्याने पाडलेली. छाप मोठा आणि चांदीचा तुकडा लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच उतरतो. इथे संग्राहक नाणं किती कोरं आहे हे नंतर विचारतो. आधी विचारतो, टांकसाळीचं नाव दिसतं का, साल दिसतं का, चिन्ह पूर्ण आहे का. दोन अंकुशी रुपये शेजारी ठेवा. एक चकचकीत पण गावाचं नाव काठाबाहेर गेलेलं, दुसरा मळकट पण नाव आणि हिजरी साल दोन्ही पूर्ण. जाणता माणूस दुसरा उचलतो. काठावर किंवा मधोमध टाचणीसारख्या खुणा असतील तर त्या त्या काळच्या सराफांनी चांदी पारखताना पाडलेल्या. फार असतील तर भाव उतरतो, एक-दोन असल्या तर कुणी नाक मुरडत नाही. मला तर त्या आवडतात, पण माझी आवड बाजारभाव नव्हे.

स्लॅबचं वेड या नाण्यांना अजून तितकंसं लागलेलं नाही. इथले जुने संग्राहक मराठेशाही रुपया हातात घेऊन, कलता करून, वजन करूनच घेतात. त्यामुळे इथे डोळा असलेल्या गिऱ्हाइकाला अजूनही चांगलं नाणं रास्त भावात सापडतं आणि नसलेल्याला खोटं.

शिवराईचंही तसंच. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाल्यावर महाराजांनी तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन पाडला, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात राहिली आणि त्यानंतरही बाजारात फिरली. म्हणजे 'श्री राजा शिव' दिसलं की शिवकालीन, असं समजू नका. ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई उत्तरकाळातली, ती बऱ्यापैकी मिळते. अक्षरांची वळणं, ऱ्हस्व-दीर्घ, ठिपक्यांचं वर्तुळ, वजन, यांवरून अभ्यासक आधीची-नंतरची लावतात. भाव पुन्हा मजकूर किती उतरलाय त्यावर. महाराष्ट्रात शिवराईला मागणी कधी पडत नाही, यात भावनेचा वाटा मोठा आहे आणि तो राहणार. तांब्यावरचा गुळगुळीत तपकिरी किंवा गडद हिरवा थर राखा. भुसभुशीत, बोटाला लागणारी हिरवी पूड दिसली तर मात्र ते नाणं वेगळं ठेवा, तो आजार पसरतो. आणि डब्याच्या तळाशी सोन्याचा होन सापडला तर नाचण्याआधी विचार करा. अस्सल होन मोजकेच आहेत, नकली होन मात्र किल्ल्यांच्या पायथ्याशी विकायला असतात.

विकायचं ठरवलंत तर तीन वाटे करा. झिजलेले साधे रुपये सराफांकडे, वजनावर, वरचा हिशेब सांगून. १९३९, १९११, १८४० व १८६२ चे निवडक आणि नक्षी शाबूत असलेले रुपये लिलावाकडे. मुंबईत टोडीवाला आणि बंगळूरला मरुधर आर्ट्स यांसारखी घरं नियमित नाण्यांचे लिलाव करतात. त्यांचे जुने कॅटलॉग आणि विकलेले भाव बघत बसा, आठवडाभरात अंदाज येईल. ऑनलाइन दुकानांत लावलेल्या किमतींकडे ढुंकूनही पाहू नका. त्या मागितलेल्या किमती असतात, मिळालेल्या नव्हेत. लिलावातसुद्धा एखादा भाव दोन हट्टी माणसांच्या चढाओढीतून आलेला असतो, म्हणून एकाच नाण्याचे चार-पाच निकाल बघा. विकणाऱ्याकडून किती टक्के कापतात, राखीव किंमत (त्याखाली विकू नये असा आकडा) लावता येते का आणि नाणं न विकलं गेल्यास काही द्यावं लागतं का, हे लेखी घ्या. तिसरा वाटा मराठेशाही रुपये आणि शिवराई. ते एवढ्यात विकू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. एकदा तिथे जाऊन या, निदान कोणतं काय आहे ते वाचायला शिकाल.

एक नाजूक गोष्ट. डबा सासऱ्यांचा होता, म्हणजे त्यांच्या सगळ्या वारसांचा. दीर, नणंदा असतील तर विकण्याआधी त्यांच्या कानावर घाला. यादी करा, फोटो काढा. 'चांगले रुपये वहिनीने आधीच काढून घेतले' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते टाळण्यासाठी थोडं नुकसान झालं तरी पत्करेन. कायद्याच्या दृष्टीने माडीवरचा डबा म्हणजे घरातली वस्तू. जमिनीत किंवा भिंतीत पुरलेला सापडला असता तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं.

मुलाबरोबर पाठवण्याचा विचार सोडा. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती खासगी माणसाने देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. राणीछाप, १९११, शिवराई, सगळं त्यात बसतं. शिवाय तिकडे जास्त भाव येतो हाही गैरसमज. नाण्याला चांगला भाव त्याच्या देशातले संग्राहक देतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या लिलावांत आलेले भारतीय रुपये घ्यायला बहुतेक वेळा आपलेच लोक बोली लावतात.

पुतण्याचे स्मारक संच. टांकसाळीची मोठी स्मारक नाणी बरीच वर्षं बहुतेक ३५ ग्रॅमची, निम्मी चांदीची निघाली, म्हणजे आत साडेसतरा ग्रॅम चांदी. २०२३ चं संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणंही त्याच मिश्रणाचं. ती दिसायला देखणी असतात, पेटीत येतात आणि घेणारा प्रत्येकजण ती जपून ठेवतो. सगळ्यांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? निघाल्या निघाल्या गडबडीत भाव चढतो, पुढचा विषय आला की ओसरतो. नातवाच्या जन्मसालचा संच घ्या, आवडीने घ्या. दुप्पट होण्यासाठी घेऊ नका. पुतण्याला गुंतवायचेच असतील तर त्या पैशात एकच, नक्षी शाबूत असलेला, न घासलेला १८४० किंवा १८६२ चा रुपया घ्यायला सांगा, तोही आधी वर्षभर लिलावांचे निकाल वाचून.

१८६२ चे किती निघाले ते मला कळवा. फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, नाणं खिडकीपाशी काळ्या कापडावर ठेवा, दोन्ही बाजू आणि काठ घ्या. ठिपके दिसण्यासाठी तारखेखालचा भाग जवळून वेगळा काढा. नाणं उचलताना काठाला धरा.